चौथी तार : मिरजेचा तंबोरा आणि हुबळी-धारवाडचं गाणं

बेस गिटार म्हणजे काय, हे गोंयकाराला समजावून सांगावं लागत नाही. लग्नातला बँड असो, फेस्ताचा नाच असो की तियात्रातलं कांतार असो, मागे कुठेतरी एक जाडजूड तारांची गिटार धिम्म धिम्म करत असतेच. तिच्याकडे कोणी बघत नाही. सगळ्यांचं लक्ष गाणाऱ्याकडे आणि ट्रंपेटवाल्याकडे. पण ती थांबली की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात, आणि मग कळतं की आपण इतका वेळ कशावर नाचत होतो.

ही विजेवरची बेस गिटार तशी फार जुनी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये लिओ फेंडर या गृहस्थाने १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. चार तारा, चौतीस इंच लांबीचा पल्ला, दांडीवर पडदे आणि तारांखाली चुंबकाचा पिकअप. तिच्या सगळ्यात खालच्या तारेची कंपनं सेकंदाला ४१ च्या आसपास. तोवर बँडमध्ये खालचा सूर धरायला माणसाएवढा उंच डबल बास उचलून न्यावा लागे. फेंडरच्या गिटारीने हे ओझं एका खांद्यावर आणलं. पुढे कंपन्यांनी तिच्या 'लिमिटेड एडिशन' आवृत्त्या काढायला सुरुवात केली. कुठे खास रेषांचं लाकूड, कुठे एखाद्या नामवंत वादकाची सही, आणि मागच्या बाजूला नग क्रमांक अमुक. शौकीन लोक अशा गिटारीची वाट बघत बसतात.

आता हाच प्रश्न जरा घाट चढून विचारूया. कुळेहून कॅसलरॉक, लोंढा करत गाडी धारवाड आणि हुबळीला पोचते. आम्हा गोव्याच्या मराठी श्रोत्यांना ही दोन गावं परकी कधीच वाटली नाहीत. तिथल्या गाण्याचा 'बेस' कुठला? ज्याच्यावर भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू उभे राहिले, तो खालचा सूर कोण धरून होतं?

उत्तर सोपं आहे. तंबोऱ्याची चौथी तार. पितळेची, चारांत सगळ्यात जाड, खर्जाची तार. आणि ही तार ज्या वाद्यावर चढवलेली असते ते वाद्य बहुधा मिरजेचं.

तंबोऱ्याची रचना एकदा नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपण तो वर्षानुवर्षं बघतो पण त्याच्याकडे लक्ष देत नाही. खाली भोपळा, म्हणजे भाजीचा नव्हे, कडू जातीचा, जाड सालीचा आणि वाळवून टणक केलेला. भोपळ्याचं कापलेलं तोंड झाकणारी लाकडी तबली. त्यावर पोकळ दांडी, टोकाला चार खुंट्या. लाकूड साधारणतः तुणीचं, वजनाला हलकं आणि सूर धरणारं. तबलीच्या मध्यावर घोडी. तिच्यावरून गेलेल्या तारा खाली लंगोटाला बांधलेल्या. घोडी आणि लंगोट यांच्यामध्ये प्रत्येक तारेत एक मणी ओवलेला असतो. खुंटीने तार ढोबळ लावायची आणि मणी सरकवून अगदी केसाएवढा फरक काढायचा.

चार तारांपैकी पहिली पंचमाची, मधली जोडी मध्य षड्जाची, शेवटची खर्जाची, म्हणजे मंद्र षड्जाची. मधली जोडी पोलादी, शेवटची पितळेची. पहिली तार मधल्या बोटाने आणि बाकीच्या तीन तर्जनीने छेडतात. मालकंसात पंचम नाही, तिथे पहिली तार मध्यमाला उतरते. मारवा-पूरियात ती निषादाला लागते. पहिल्या तारेचा सूर असा रागाप्रमाणे बदलतो. खर्ज मात्र बदलत नाही. भैरवापासून भैरवीपर्यंत तो जिथल्या तिथे असतो.

बेस गिटारीत आणि तंबोऱ्यात मोठा फरक आहे तो इथेच. दोघांनाही चारच तारा, दोघांचंही काम खालून आधार द्यायचं. लांबीला मर्दानी तंबोऱ्याची तार फेंडरच्या चौतीस इंचांहूनही जास्त भरते. गायकाचा षड्ज काळी एक धरला तर खर्जाच्या तारेची कंपनं सेकंदाला ६९ च्या आसपास येतात. पण बेस गिटार गाण्याबरोबर चालते, सूर बदलत जाते, ताल सांभाळते. तंबोऱ्याला ताल नाही आणि चालही नाही. त्याच्या दांडीवर पडदेच नाहीत, कारण तिथे बोट दाबायचंच नसतं. आणि गिटारीचं अंग भरीव असतं, वीज काढून घेतली की ती जवळजवळ मुकी होते. तंबोऱ्याचा अँप्लिफायर म्हणजे तो भोपळा.

तरीही तंबोऱ्याचा खरा चमत्कार भोपळ्यात नसून घोडीवर आहे. त्याला जवारी म्हणतात. इतर पुष्कळ वाद्यांत घोडीची कड धारदार असते, तार एका बिंदूवर टेकते आणि तिथून मोकळी होते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती घासलेली असते. कंप पावणारी तार त्या उताराला हलकेच घासत राहते. शिवाय तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवतात. धागा योग्य जागी आला की बोथट आवाज एकदम 'उघडतो' आणि तारेतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव सुरू होतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांना नोबेल मिळालं १९३० साली. त्याआधी १९२१ मध्ये त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक शोधनिबंध लिहिला होता. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर ऐकू येता कामा नयेत, असा युरोपातल्या शास्त्राचा नियम. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, आणि त्याचं कारण ती रुंद घोडी, हे रामन यांनी दाखवलं.

म्हणून तर उत्तम लागलेल्या खर्जातून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. खर्जाच्या पाचव्या उपस्वरात तो असतोच, जवारी त्याला बाहेर काढते. पंचमाच्या तारेतून तसाच रिषभ डोकावतो. गाणारा जेव्हा म्हणतो की 'तंबोरा बोलतोय', तेव्हा तो अलंकारिक बोलत नसतो. चार तारांच्या वाद्यातून त्याला खरोखरच आणखी सूर मिळत असतात आणि त्यांच्याशी तो आपला गळा जुळवत असतो.

हे सगळं बनतं मिरजेत. हा उद्योग तिथे कसा रुजला त्याची कथा मोठी बोलकी आहे. मिरजेचे शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, तलवारी-भाले करणारे कारागीर. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि तलवारीचं गिऱ्हाईकच उरलं नाही. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला आश्रय होता, उत्तरेचे गवई-बजवय्ये येत, त्यांची वाद्यं मोडत आणि दुरुस्तीला माणूस लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने या कामात हात घातला आणि पाहता पाहता तो वाद्यं घडवू लागला. पुढे त्यांच्या घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. ज्या हातांना पात्याची धार बोटाच्या टोकाने कळत होती, त्याच हातांना घोडीचा उतार कळू लागला. जवारी काढणं म्हणजे तरी काय, कानस आणि कान यांचंच काम.

आता मिरज आणि धारवाड यांना जोडणारा रस्ता पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, धारवाड आणि हुबळी एका मार्गावर आणली. नाटक कंपन्या याच मार्गाने फिरल्या आणि गवईही याच मार्गाने उतरले. तेव्हा हा सगळा मुलूख मुंबई इलाख्यात होता. भास्करबुवा बखले काही काळ धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकवत होते. उलट दिशेने, धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मिरजेत नीलकंठबुवांकडे शिकले आणि नंतर अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे गेले. आपल्या केसरबाई आणि मोगूबाई त्याच अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, म्हणजे नातं कुठे जुळतं ते बघा.

पण या मार्गावरचं सगळ्यात मोठं नाव अब्दुल करीम खाँ. १८७२ मध्ये उत्तरेतल्या कैराना गावी जन्मलेले खाँसाहेब अखेर मिरजेचे झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीच्या वाटेवर एका रेल्वे स्टेशनात त्यांना मरण आलं, पण देह मिरजेत आणला गेला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावला. तिथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. खाँसाहेब नुसते गवई नव्हते. ते बीन वाजवत, सारंगी वाजवत. किराणा घराण्याच्या गायकीत एकेका सुराला जे महत्त्व आहे, तो सूर सावकाश उलगडायची जी सवय आहे, ती बेसूर तंबोऱ्यावर चालणारच नाही. मिरजेच्या कारागिराला असा गिऱ्हाईक मिळणं हे भाग्य आणि परीक्षा दोन्ही होतं.

खाँसाहेबांचे पट्टशिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व (१८८६–१९५२). हुबळीपासून वीसेक किलोमीटरवरचं कुंदगोळ हे त्यांचं गाव. तिथे नाडगीरांच्या वाड्यात गाणं होई, आजही त्या वाड्याचं नाव घेतलं की जाणकार हात जोडतात. १९३६ पासून तिथे भीमसेन जोशी शिकायला राहिले. आणि हुबळीहून रेल्वेने ये-जा करत गंगूबाई हनगल शिकल्या.

गंगूबाईंची गोष्ट या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. जन्म १९१३, धारवाडच्या शुक्रवार पेठेतलं घर. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गायच्या. मुलीच्या हिंदुस्थानी गळ्यावर आपल्या पद्धतीची छाप पडू नये म्हणून आईने स्वतःचं गाणं मागे ठेवलं. १९२८ मध्ये कुटुंब हुबळीला आलं ते मुलीच्या शिक्षणासाठीच. दक्षिणेचा तंजावरी तंबोरा फणसाच्या लाकडाचा, त्याचा खालचा घट कोरून काढलेला. मिरजेचा तंबोरा भोपळ्याचा. या दोन तंबोऱ्यांच्या मधोमध धारवाड वसलेलं आहे, आणि एकाच घरात एका पिढीत कूस बदलली गेली.

पुढे घशाच्या आजारावर शस्त्रक्रिया झाली आणि गंगूबाईंचा कोवळा आवाज बदलला. तो रुंद, भारदस्त आणि खालचा झाला. न पाहता ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटे. मिरजेच्या कारागिराचा ढोबळ हिशेब असा की पुरुषाला मोठ्या घेराचा मर्दानी तंबोरा आणि बाईला लहान घेराचा जनानी. घेर, दांडीची लांबी आणि तारांची जाडी हे सगळं त्या त्या पट्टीवर अवलंबून. पण गंगूबाईंच्या आवाजापुढे बाई-पुरुष ही वर्गवारीच लटकी पडते. तंबोरा गाणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे ठरत नाही, त्याच्या षड्जाप्रमाणे ठरतो, हे त्या एका आवाजाने सगळ्यांना ऐकवलं. दुसऱ्या कोणाला गळ्याचं ते वळण शेवट वाटलं असतं. गंगूबाईंनी त्याच खालच्या सुरावर पुढची अनेक दशकं गाणं उभं केलं. मुलगी कृष्णा मागे बसून साथ करी. २००२ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि २१ जुलै २००९ रोजी हुबळीत हा आवाज थांबला.

धारवाडच्या खर्जाचा आणखी एक धागा सतारीत आहे. सतारवादक रहिमत खाँ धारवाडात स्थायिक झाले. ग्वाल्हेरचे भूगंधर्व रहिमत खाँ वेगळे, त्यांची गल्लत करू नये. धारवाडच्या रहिमत खाँना 'सताररत्न' म्हणत. थोर बीनकार बंदे अली खाँ यांच्याकडून त्यांची विद्या आली. सतारीला खर्जाच्या तारांची जोड देऊन सात तारांची मांडणी त्यांनी रुळवली, असं त्यांच्या घराण्यात मानलं जातं. बीनेचा गंभीर खालचा सूर सतारीत आणायचा ही त्यामागची ओढ. आणि गंमत बघा, किराणा घराण्याची परंपराही बंदे अली खाँपर्यंतच जाते. म्हणजे धारवाडची सतार आणि हुबळीचं गाणं, दोन्हींच्या मुळाशी एका बीनकाराचा खर्ज आहे. रहिमत खाँचे नातू उस्ताद बाळे खाँ (१९४२–२००७) यांनी धारवाडची सतार जगभर नेली. त्याच घराण्यातल्या छोटे रहिमत खाँ यांनी आपल्या गोव्यातल्या मुलांना सतार शिकवली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यं झाली. धारवाड म्हैसूर राज्यात गेलं, मिरज मुंबई राज्यात राहून नंतर महाराष्ट्रात आली. त्या रेषेवरून किती भांडणं झाली आणि होताहेत ते आपण सगळे जाणतो. पण तंबोऱ्याची आवक-जावक तपासा (कारकुनी डोक्याला ही सवय लागलेलीच असते!). लाकूड येतं कर्नाटकातल्या जंगलांतून. भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून. दोघांची गाठ पडते मिरजेत. तयार वाद्य जातं धारवाडला, हुबळीला, पुण्याला, आमच्या पणजीला. खर्जाची तार कन्नड की मराठी, हे ठरवायला कुठला आयोग नेमणार?

आता थोडं आजचं. बंगळूरमध्ये जी. राज नारायण या अभियंत्याने १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. ते स्वतः बासरी वाजवत, तेव्हा गरज काय ते त्यांना ठाऊक होतं. एकट्याने रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला, परगावी हॉटेलात उतरलेल्या गवयाला त्या पेटीने मोठी सोय केली. त्यावर नाक मुरडण्याचं कारण नाही. नंतर तो तंबोरा मोबाईलमध्ये शिरला. मागे एका सरकारी सांस्कृतिक कार्यक्रमात (कुठल्या, ते जाऊ दे) गायकाच्या मागे तंबोरा नव्हताच, एक मोबाईल मायक्रोफोनला टेकवून ठेवला होता. अर्ध्या यमनात त्याला फोन आला. लोक हसले, गायक बिचारा कानकोंडा झाला. तंबोऱ्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद नव्हती, असं नंतर कळलं.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तंबोरा लावणं हे गाण्याचं पहिलं शिक्षण होतं. मंचावर मागे बसून दोन-दोन तास खर्ज छेडणारा शिष्य तो गंधार ऐकायला शिकत असे. बटण दाबून मिळणारा षड्ज बरोबरच असतो, त्यामुळे कानाला काही शोधावं लागत नाही. आणि ज्याने कधी तार लावली नाही, त्याला जवारी बिघडली हे कळणार कसं? ज्याला ते कळत नाही तो मिरजेच्या कारागिराकडे वाद्य घेऊन जाणार कशाला? जवारी वापराने झिजते, पुन्हा पुन्हा काढावी लागते. त्या कामावरच कारागिराचा कान तयार राहतो. गिऱ्हाईकाचा कान गेला की कारागिराचाही जातो, आणि मग पुढची पिढी दुसरा धंदा धरते. तलवारीच्या बाबतीत मिरजेने हे एकदा पाहिलेलं आहे.

२०२४ च्या मार्चमध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. साडेचारशेहून अधिक कारागीर या कामात आहेत आणि तिथल्या क्लस्टरमध्ये महिन्याला शंभराच्या आसपास तंबोरे तयार होतात, अशी माहिती तेव्हा वर्तमानपत्रांतून आली. ही आनंदाचीच गोष्ट. मानांकनामुळे दुसऱ्या कोणाला 'मिरजेचा' म्हणून नकली तंबोरा विकता येणार नाही. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, कानाचं करू शकत नाही. ते काम गाणाऱ्यांचं, शिकवणाऱ्यांचं आणि आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांचं आहे.

त्या लिमिटेड एडिशन गिटारीचं शौकिनांना कौतुक असतं ते एवढ्यासाठी की तसे नग थोडेच असतात. मिरजेचा चांगला तंबोरा तर एकेकच असतो. मंगळवेढ्याच्या मळ्यात दोन भोपळे सारखे वाढत नाहीत, घोडीचे दोन उतार सारखे घासले जात नाहीत, आणि वाद्य एका विशिष्ट गळ्याच्या षड्जासाठी निवडलेलं असतं. फक्त त्याच्यावर नग क्रमांक नसतो. बहुतेक वेळा कार्यक्रमपत्रिकेत गायक, तबलजी, पेटीवाला, निवेदक, ध्वनिव्यवस्था आणि मंडपवाल्याचंही नाव असतं. तंबोऱ्यावर बसलेल्या मुलामुलीचं कधी असतं, कधी नसतं. तंबोरा घडवणाऱ्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, एक सुचवावंसं वाटतं. आपल्यापैकी बरेचजण गावोगावी देवळांच्या आणि मंडळांच्या समित्यांवर आहेत. पुढचा कार्यक्रम ठरवताना खर्चाच्या यादीत तंबोऱ्याच्या जोडीची एक ओळ घाला, आणि पत्रिकेत तो वाजवणाऱ्याचं व घडवणाऱ्याचं नाव छापा. गायक येण्याआधी दहा मिनिटं लवकर जाऊन बसा. तंबोरे लागत असताना गप्पा न मारता ती चौथी तार ऐका. पहिल्याच दिवशी गंधार ऐकू येईल असं नाही, मलाही पुष्कळ दिवस येत नव्हता. पण एकदा आला की मग तो दर मैफिलीत येतो.